ते कपाट रद्दीत घालू नका : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

मी तुमच्या वाचनालयाची आजीव सभासद. गावाचं आणि वाचनालयाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, तुमच्यातले दोघं तर माझ्याबरोबर एका वर्गात होते आणि एकाच्या आईच्या हातचे घावने खाऊन मी मोठी झालेय. पण हे पत्र पाकिटात घालून न देता सगळ्यांसमोर ठेवतेय, कारण विषय आपल्या चार भिंतींतला नाही, आपल्यासारखी जुनी वाचनालयं गावोगाव आहेत आणि प्रत्येकाच्या आतल्या खोलीत असं एखादं कपाट असणारच.

झालं ते आधी सांगते म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. गेल्या रविवारी सर्वसाधारण सभा झाली. त्यात एक ठराव असा झाला की आतल्या खोलीतली जीर्ण पुस्तकं निर्लेखित करायची, रद्दीवाल्याला द्यायची आणि त्या जागेत अभ्यासिका वाढवायची. दुसरा विषय म्हणजे मी दिलेली सूचना, की दर वर्षी रेबेका रूबेन यांच्या नावानं मुलींच्या शिक्षणावर एक व्याख्यान ठेवावं, पहिल्या पाच वर्षांचा खर्च मी करीन. ती सूचना नामंजूर झाली. दोन्ही मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कारण दिलं ते असं, की बाई काही आपल्या गावच्या नाहीत, त्यांच्या समाजाची आता इथं तीन घरं उरलीत, ऐकायला येणार कोण. कुणी वाईट हेतूनं बोललं नाही हे मला माहितीये. मान हलवून सगळे पुढच्या विषयाकडे गेले, पंख्यांच्या दुरुस्तीकडे. मी तिथं काहीच बोलले नाही, घसा भरून आला होता. म्हणून आता लिहितेय.

त्या तीन घरांतलं एक माझं आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आडनाव गावावरून, जसं किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर, तसंच आमचं. माझ्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा म्हणून आम्हाला या पट्ट्यात शनिवार तेली म्हणायचे, ते तुमच्या आजोबांनाही ठाऊक असेल. आमच्या प्रार्थनेच्या जागेला आमच्यात पूर्वापार मशीदच म्हणतात. घरात वालाचं बिरडं व्हायचं आणि आमच्या एका उपासाच्या सणाचं नावच बिरड्याचा सण आहे, जेरुसलेमचं देऊळ पडलं त्या दिवसाचा शोक आम्ही कोकणात वालाच्या बिरड्याबरोबर पाळत आलो. भांडण मराठीत, अंगाई मराठीत, नवस एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचा आणि मलिदा पोहे, नारळ, गुळाचा. मी ठाण्याला बँकेत नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर परत गावी आले, कारण दुसरीकडे कुठं गाव म्हणावं असं मला काही नव्हतंच.

आता रेबेका रूबेन कोण, ते सांगते. सभेत सांगायला हवं होतं, तेव्हा जमलं नाही.

बाईंचा जन्म १८८९ सालचा, शिमोग्याचा. शिक्षणासाठी पुण्याला आल्या, हुजूरपागेत. मुलींनी हायस्कूलला जायचं म्हणजे केवढी गोष्ट होती तेव्हा, हुजूरपागा सुरू होऊनच जेमतेम वीस वर्षं झाली होती. १९०५ साली बाई मॅट्रिकला बसल्या आणि मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. मुलींमध्ये पहिल्या नाही, सगळ्यांत पहिल्या. आणि तेव्हाचं मुंबई विद्यापीठ म्हणजे नुसती मुंबई नव्हे, सिंधमधल्या कराचीपासून खाली धारवाडपर्यंतची मुलं त्या परीक्षेला बसायची. त्या सगळ्या मुलग्यांच्या पुढं ही सोळा वर्षांची पोरगी. महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघायला अजून अकरा वर्षं होती.

नंतर त्या विलायतेला जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या. आल्यावर त्यांना कुठंही मोठी जागा मिळाली असती पण १९२२ साली त्यांनी मुंबईतली आमच्या समाजाची शाळा हातात घेतली. ती शाळा हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबतच्यांनी १८७५ साली काढलेली, इस्रायली शाळा म्हणून, तीच पुढं माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. तिथं बाई १९५० पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. अठ्ठावीस वर्षं, एकच शाळा. आज त्या शाळेत सगळ्या समाजांची मुलं शिकतात. समाज देशाबाहेर गेला पण शाळा मुंबईच्या पोरांना राहिली, यापेक्षा जास्त एखादी बाई आपल्या शहराला काय देणार.

माझी आई त्या शाळेत शिकली. गावात सातवीनंतर मुलींची सोय नव्हती म्हणून आजोबांनी तिला थोरल्या मामाकडे ठेवलं. १९४९ ला ती तिथून मॅट्रिक झाली. शाळा सोडल्याचा दाखला तिनं मरेपर्यंत ट्रंकेत तळाशी ठेवला होता, लग्नातल्या शालूच्या घडीत, म्हणून त्याला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. घडी पडली तिथं कागद फाटलाय, पण बाईंची सही शाबूत आहे, निळ्या-काळ्या शाईतली, जराशी उजवीकडे कललेली. त्या एका कागदावर आईला टेलिफोन खात्यात नोकरी मिळाली, आईच्या पगारावर माझं कॉलेज झालं आणि माझ्या पगारावर माझी मुलगी इंजिनियर झाली. मी हे भावनेच्या भरात सांगत नाहीये. "आपल्या गावच्या नाहीत" म्हणालात ना, म्हणून सांगतेय, की आपल्या गावच्या एका मुलीचं आयुष्य त्यांच्या शाळेत घडलंय आणि तो कागद माझ्याकडे आहे, कुणालाही दाखवीन.

आणि बाईंचं काम शाळेपुरतं नव्हतं. १९१७ पासून दोन-तीन वर्षं त्यांनी बेने इस्रायल समाजाचं वार्षिक संपादित केलं. तो काळ बघा, १९१७ ला समाजाची कॉन्फरन्स भरली, १९१८ ला ऑल इंडिया इस्रायलाइट लीग निघाली, आमचं या देशात नेमकं काय स्थान, संख्या एवढीशी असताना आपण राजकारणात कुणाबरोबर उभं राहायचं, बायकांनी सभेत यायचं का, असे वाद तावातावानं चालू होते. त्याच्या आधी १९१३ सालीच मुंबईत समाजाच्या बायकांनी स्त्री मंडळ काढलं होतं. या सगळ्यात लिहून ठेवायची, नीट नोंद करायची जबाबदारी घेतली ती अठ्ठावीस-तीस वर्षांच्या एका बाईनं. आपल्याकडे विचारवंत म्हटलं की डोळ्यांसमोर पगडी आणि उपरणं येतं. ही नऊवारीतली नाहीतर पाचवारीतली बाई कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, आली तरी तिच्या नावापुढं लगेच "त्यांच्या समाजाची" असं लागतं.

त्यांच्याच काळातली, त्यांच्यासारखीच शिमोग्यात जन्मलेली आणि हुजूरपागेत शिकलेली दुसरी बाई म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या, १९६६ साली पद्मश्री मिळाली. किती मराठी बायकांची बाळंतपणं त्या हॉस्पिटलात झाली असतील विचार करा. तुम्ही मुंबईला जाताना महालक्ष्मी-वरळीला ज्या डॉ. ई. मोझेस रोडवर ट्रॅफिकमध्ये तासभर अडकता, ते डॉ. मोझेससुद्धा आमचेच, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. रस्त्याचं नाव रोज तोंडात आहे, माणूस कोण ते माहीत नाही. तुमचा एकट्यांचा हा दोष नाही, पण निदान ज्यांच्या ताब्यात पुस्तकं आहेत त्यांनी तरी माणूस पुसू नये एवढं मला म्हणायचंय.

आता कपाटाकडे येते. माझ्या तक्रारी आहेत त्या सरळ सांगते.

पहिली तक्रार. कपाटात काय आहे ते न बघता तुम्ही ठराव केलात. मी बघितलंय. तुमच्या ग्रंथपाल मुलीनं मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मला किल्ली दिली, लाइट गेलेले, मोबाइलच्या टॉर्चवर आम्ही दोघी बसलो होतो. लाकडी कपाट, काचेचं एक दार निखळलेलं, खालच्या फळीला वाळवीची वाट. वरच्या फळीवर हिब्रू प्रार्थनांचं मराठी भाषांतर, जोसेफ इझीकेल राजपूरकरांचं, मुखपृष्ठ गेलेलं. राजपूरकर म्हणजे एकोणिसाव्या शतकात हिब्रूतल्या प्रार्थना ज्यांनी आमच्या आज्यांना कळतील अशा मराठीत आणल्या ते. त्याखाली द इस्रायलाइट या इंग्रजी-मराठी मासिकाचे दोन अंक. एक कीर्तनाचं चोपडं, त्यात योसेफाची गोष्ट साक्या आणि दिंड्यांमध्ये. हो, आमच्यात कीर्तनं होतात, १८८० च्या सुमारास सुरू झाली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, टाळ-पेटीसकट. एक हातानं लिहिलेली वही, मेंदीची गाणी, कुणाची ते कळत नाही, प्रत्येक गाण्याखाली गाणारणीचं नातं लिहिलंय, "थोरल्या जाऊबाईंकडून", "पेणच्या मावशीकडून". आणि बाईंनी संपादित केलेल्या वार्षिकाचा एक अंक. माझ्या हाताला लागला तेव्हा पानं पापडासारखी मोडत होती, म्हणून मी उघडला नाही, नुसता हातात धरून बसले.

राजपूरकरांच्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का शेवटच्या पानावर आहे. हिब्रूसोबतचं पुस्तक उजवीकडून उघडतं, ज्यानं शिक्का मारला त्याला ते माहीत नव्हतं, त्यानं आपल्या नेहमीच्या बाजूनं उघडलं आणि ठप्पकन मारला. पण मारला तरी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी हे पुस्तक आपलं म्हणून दाखल करून घेतलं होतं, दाखल क्रमांक टाकला होता, बाइंडिंगला दोरा ओवला होता. तो माणूस आमच्यातला नव्हता. त्याला जे वाटलं ते आपल्याला का वाटू नये?

दुसरी तक्रार जास्त लागलीये. दाखल नोंदवहीत ही सगळी पुस्तकं "परभाषा व संकीर्ण" या रकान्यात आहेत. अहो, मराठी आहेत ती! देवनागरीत छापलेली, क्रियापदं मराठी, साकी मराठी. मुंबईत १८४६ साली पेसाह या आमच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासकट छापली गेली. १८७४ ला पुण्यात आणखी एक निघाली, तिच्यात चित्रं आहेत आणि एका चित्रात साडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकर करतायत, एक मळतेय, एक लाटतेय. जगातल्या कुठल्याही हगादात तुम्हाला अशा आपल्या घरच्या बायका दिसणार नाहीत. मराठी छपाईच्या इतिहासातलं हे पान आहे आणि आपण त्याला परभाषा म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण ग्रंथदिंडी काढली होती, मीही होते, पालखीला खांदा दिला होता. त्या पालखीत यातलं एखादं पुस्तक ठेवावं असं मलासुद्धा तेव्हा सुचलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट, "तीन घरं उरली" हे कारण. स्वातंत्र्याच्या सुमारास आमचा समाज वीसेक हजारांचा होता, मग लोक इस्रायलला गेले, आता देशभरात मिळून चार-पाच हजार ज्यू असतील. खरंय ते. पण माणसं कमी झाली म्हणून कागदाची गरज कमी होते का? उलट वाढते. घरं भरलेली असताना आजीला विचारता येतं, आजी गेल्यावर वहीच असते. आणि गेलेले लोकसुद्धा मराठी टाकून गेलेले नाहीत, इस्रायलमधून मायबोली नावाचं मराठी नियतकालिक काढतात ते. तिकडची नातवंडं दर हिवाळ्यात इथं येतात, नवगावची जुनी दफनभूमी बघतात, आपल्या आळीत येऊन पणजोबांचं घर कुठलं विचारतात. मागच्या डिसेंबरला दोन मुली आल्या होत्या, मोडकं मराठी बोलत होत्या, "वाचायला काय आहे?" म्हणाल्या. मी त्यांना वाचनालयात आणलं, कपाटाला कुलूप होतं, काचेतून दाखवलं. काचेला नाक लावून बघत होत्या.

कागद नसला की काय होतं ते आमच्या लोकांनी भोगलंय. १९६२ साली इस्रायलमध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयानं आदेश काढला, की बेने इस्रायलपैकी कुणाचं इतर ज्यूंशी लग्न ठरलं तर त्याची आई, आजी, पणजी अशी मागं मागं चौकशी करा, खरे ज्यू आहेत का बघा. शेकडो वर्षं कोकणात शनिवार पाळला, मुलांची सुंता आठव्या दिवशी केली, आणि तिकडे जाऊन सिद्ध करा म्हणे. लोक रस्त्यावर आले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत आणि मग आदेश मागं घेतला गेला. थोरला मामा तेव्हा तिकडे होता. त्या वर्षांत आईला आलेल्या त्याच्या प्रत्येक पत्रात एक ओळ असायची, जुनं काही छापलेलं घरात असेल तर जपून ठेव. रूबेनबाई १९५७ सालीच गेल्या, त्यांना हे बघावं लागलं नाही. पण आम्ही कोण आहोत हे आमच्या तोंडून, कुणी विचारायच्या आधी, छापून ठेवायचं काम त्यांनी आणि केहीमकरांसारख्यांनी केलं होतं.

केहीमकरांचंच बघा. त्यांनी समाजाचा इतिहास लिहून काढला १८९७ साली. रीतीभाती, सण, आडनावं, गावं, सगळं. ते बाड चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं आणि छापलं गेलं १९३७ साली, ते तेल अवीवला. त्या चाळीस वर्षांत एखादा ठराव तुमच्यासारखा झाला असता, एखादी खोली रिकामी करायची निघाली असती, तर आज आमच्या निम्म्या रीतींची नोंदच नसती. हे वाचून तुम्हाला माझी भीती कळेल असं वाटतं.

चौथं म्हणजे अभ्यासिका. कुणी असं समजू नका की मी अभ्यासिकेच्या विरुद्ध आहे. मी रोज संध्याकाळी पेपर वाचायला येते, बघते ना, आजूबाजूच्या गावांतून एसटीनं मुली येतात, डबा घेऊन, सकाळी आठ ते रात्री आठ एका खुर्चीवर, एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती. एकीनं परवा मला विचारलं, मावशी, तुमच्या बँकेची परीक्षा कशी होती हो? तिच्या वहीच्या पहिल्या पानावर कुठल्याशा कोचिंग क्लासच्या टॉपरचा फोटो चिकटवलेला. मला तेव्हाच वाटलं, हिला सांगावं की एकशे वीस वर्षांपूर्वी एक मुलगी अख्ख्या मुंबई इलाख्यात पहिली आली होती, पुण्याच्या हुजूरपागेत शिकली होती, आणि तिनं हातानं केलेलं काम या भिंतीच्या पलीकडे आहे. म्हणूनच मी व्याख्यानाची सूचना दिली. ऐकायला कोण येणार असं तुम्ही विचारलंत, त्या सगळ्या मुली त्याच इमारतीत बसलेल्या असतात हो, त्यांना नुसतं दार उघडून बोलवायचंय. म्हणजे जागा त्या मुलींसाठी हवीये आणि त्यासाठी रद्दीत कोण जाणार, तर रेबेका रूबेन. हे तुम्ही मुद्दाम केलेलं नाही. पण आता सांगितल्यावरही तसंच करणार असाल तर मग मुद्दाम केल्यासारखंच होईल.

आणखी एक, छोटंसं. सभेत एकानं सुचवलं की एवढं वाटतं तर तुम्हीच घरी घेऊन जा ती पुस्तकं. चांगल्या मनानं म्हणाले ते. मी नेणार नाही. माझी मुलगी बंगलोरला असते, माझ्यामागं घराला कुलूप लागणार, मग पुस्तकं कुणाकडे? आणि दुसरं, मी घरी नेली की ती "आमची" झाली. मला ती आपली राहायला हवीत. २०१६ साली राज्य सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, पण पुस्तकांच्या फळीवर मला तो दर्जा नकोय. तिथं आम्ही मराठीच.

तर माझ्या मागण्या अशा आहेत, सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत आणि खर्चाच्या मोठ्या नाहीत.

त्या कपाटापुरतं निर्लेखन थांबवा. बाकीची जी खरंच फाटकी गाइडं आणि जुनी पंचांगं आहेत ती खुशाल जाऊ द्या, माझं काही म्हणणं नाही.

कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची, अंकाची, वहीची नावानिशी यादी करा आणि "परभाषा" खोडून मराठी म्हणून नोंदवा. यादी मी करून देते, बँकेत पस्तीस वर्षं लेजरच लिहिली आहेत, अक्षर चांगलं आहे. वेगळा "ज्यू कोपरा" वगैरे करू नका. कीर्तनाचं चोपडं कीर्तनात ठेवा, गाण्यांची वही लोकगीतांत, वार्षिक नियतकालिकांत.

ती सगळी स्कॅन करून घ्या, कारण ओल्या हवेत ती फार वर्षं टिकणार नाहीत. मी चौकशी केलीये, मोबाइलनं फोटो काढून भागणार नाही, पानं न दाबता वरून घेणारं मशीन लागतं. त्याचा खर्च आळीतली आम्ही तीन घरं आणि तिकडचे नातेवाईक मिळून देतो. एक प्रत वाचनालयाकडे, एक सगळ्यांना उघडी. मूळ पुस्तकं वाळवी न लागणाऱ्या लोखंडी कपाटात. तेही देते, माझ्या घरी आईचं गोदरेजचं आहे, रिकामंच आहे.

आणि व्याख्यान. वर्षातून एक दिवस, अभ्यासिकेतच, मुलींच्या सोयीच्या वेळेला. नाव रेबेका रूबेन व्याख्यान. वक्ता आमच्या समाजाचा असण्याची काही गरज नाही, विषय मुलींचं शिक्षण एवढाच ठेवा. अभ्यासिकेच्या भिंतीवर त्यांचं नाव आणि १९०५ सालची ती एक ओळ लिहा, फोटो मिळाला तर फोटो. हाराफुलांची गरज नाही.

ज्यांचा या वाचनालयाशी संबंध नाही पण हे वाचतायत, त्यांना एवढीच विनंती, तुमच्या गावच्या वाचनालयात, पेण, रोहा, अलिबाग, मुरुड, पनवेल, ठाणे, पुणे कुठंही, अशी उजवीकडून उघडणारी मराठी पुस्तकं दिसली तर ग्रंथपालांना सांगा की ती काय आहेत. घरी कुणाच्या पोटमाळ्यावर असतील तर रद्दीत देण्याआधी एकदा आळीतल्या कुणाला तरी दाखवा. हुजूरपागेत शिकलेल्या बायका हे वाचत असतील तर त्यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थिनीबद्दल आपल्या मुलींना सांगा.

कार्यकारी मंडळाला परत एकदा. तुमच्याशी माझं भांडण नाही. ठराव बदलायला विशेष सभा बोलवावी लागेल हे मला माहितीये, त्यासाठी लागणाऱ्या सह्या मी गोळा करायला घेतल्यात, काल रात्रीपर्यंत एकतीस झाल्या, त्यातल्या नऊ अभ्यासिकेतल्या मुलींच्या आहेत.

फळ्यावर लिहिलंय की रद्दीचा टेम्पो येत्या शनिवारी सकाळी नऊला येणार. शनिवारी आमच्यात कामाला हात लावत नाहीत, माझ्या पणजोबांचा घाणाही थांबायचा. मीही त्या दिवशी काही उचलणार नाही, काही लिहिणार नाही. साडेआठला येऊन वाचनालयाच्या पायरीवर बसेन, आईचा दाखला आदल्या दिवशीच तुमच्या ग्रंथपाल मुलीकडे ठेवायला देईन, कुणाला बघायचा असेल तर त्यांनी तिच्याकडून घेऊन बघावा.

आपली,
आजीव सभासद आणि आळीतल्या तीन घरांपैकी एका घरातली